स्टोअर आधी लावा, मशीन नंतर घ्या: छोट्या इतिहास संग्रहालयात नव्याने आलेल्यांसाठी

छोट्या संग्रहालयात संग्रह सांभाळायच्या कामावर कोणी नवीन आलं की मी पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट करायला सांगते. नोंदवहीतले कुठलेही दहा नंबर काढा, घड्याळ लावा आणि त्या दहा वस्तू स्टोअरमध्ये (म्हणजे प्रदर्शनात नसलेल्या वस्तू ठेवायच्या खोलीत) जाऊन शोधा, प्रत्येकीला तीन मिनिटं. नाही सापडली की पुढचा नंबर. मग हेच उलटं करा, म्हणजे रॅकवर समोर दिसतील त्या दहा वस्तू घ्या आणि त्यांची नोंद वहीत सापडते का बघा. दोन्ही आकडे तारीख घालून लिहून ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दहापैकी चारच सापडल्या, आणि उलट्या बाजूने बघितलं तर कितीतरी वस्तूंवर नंबरच नव्हता, आणि तोपर्यंत मी आपली ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला दमटपणा, आटोक्यात ठेवायची मशीनं कुठली घ्यावीत याची माहिती काढत बसले होते.

हे तीन मिनिटांचं माप आयक्रॉमच्या रीऑर्ग पद्धतीतलं आहे. आयक्रॉम म्हणजे सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ऑफिस रोममध्ये. त्यांनी २०११ मध्ये जगभरातल्या संग्रहालयांचा सर्व्हे केला आणि त्यात दिसलं की स्टोअरमध्ये पडून असलेल्या संग्रहांपैकी जवळजवळ ६० टक्के गंभीर धोक्यात आहेत. रीऑर्ग ही पद्धत छोट्या, कमी पैशात चालणाऱ्या संग्रहालयांसाठी, साधारण दहा हजार वस्तूंपर्यंतच्या संग्रहासाठी आहे. त्यातले निकष अगदी साधे आहेत: प्रत्येक वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, एक वस्तू काढायला दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत, कुठलीही वस्तू थेट जमिनीवर नको, स्टोअरमध्ये संग्रहाशिवाय दुसरं काही नको, आणि स्टोअरची जबाबदारी नावानिशी एका शिकलेल्या माणसावर हवी. यात मशीनचा उल्लेखही नाही बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जी वस्तू सापडत नाही ती जपता येत नाही, तिला बुरशी लागली तरी कळत नाही आणि ती चोरीला गेली तरी कळत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

पायरी १: आधी बघा, काही हलवू नका

पहिला आठवडा फक्त बघायचं. नवीन माणसाला सगळ्यात मोठा मोह होतो तो लगेच आवरायला घ्यायचा, पण वस्तू जिथे आहे ती जागा हीसुद्धा माहिती असते. दोन वस्तू शेजारी ठेवल्यात त्या कदाचित एकाच देणगीतून आलेल्या असतील आणि वहीत ते लिहिलेलंच नसेल. म्हणून दारापासून सुरुवात करून प्रत्येक रॅकचा, प्रत्येक कप्प्याचा, कोपऱ्यांचा आणि छताचा फोटो काढा. खोलीचा कागदावर नकाशा काढा, मापं टाका, दारं, खिडक्या, पाण्याचे पाईप आणि लाइटची बटणं कुठे आहेत ते दाखवा, रॅकना तात्पुरती अक्षरं द्या.

बघताना काय बघायचं? भिंतीवर ओलीचे डाग, छताला पोपडे, मातीच्या बारीक नळ्या (म्हणजे वाळवी), लाकडाखाली पडलेला पिठूळ भुसा, कपड्यांवर बारीक भोकं, धातूंवर पावडरीसारखं काही, आणि वास. वासाकडे लक्ष द्याच. कोंदट वास म्हणजे बुरशी, आणि जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती अ‍ॅसिटेट फिल्म खराब व्हायला लागलीय, ती बाकीच्या फिल्मपासून आधी वेगळी करायची.

याच आठवड्यात धोकादायक गोष्टींची वेगळी यादी करा, कारण इतिहास संग्रहालयात त्या हमखास असतात. जुन्या बंदुका, पिस्तुलं, तोफगोळे, काडतुसं भरलेली असू शकतात, स्वतः तपासायला जाऊ नका, ती जागा बंद करा आणि जाणकार यंत्रणेला बोलवा. १९५० च्या आसपासपर्यंतच्या फिल्म नायट्रेटच्या असू शकतात आणि त्या भयंकर वेगाने पेटतात, पाण्याखालीसुद्धा जळत राहतात. पेंढा भरलेले प्राणीपक्षी, पिसांच्या वस्तू, जुनी लोकरी कापडं यांच्यावर पूर्वी कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, पारा किंवा डीडीटी मारलेलं असायचं, तर त्यांना हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावायचा नाही आणि ते झटकायचे तर अजिबात नाहीत. जुन्या औषधांच्या बाटल्या, थर्मामीटर, घड्याळांच्या चमकणाऱ्या तबकड्या (त्यात रेडियम असू शकतं) यांचंही तेच.

पायरी २: जे संग्रह नाही ते बाहेर

तुटक्या खुर्च्या, मागच्या प्रदर्शनाचे बॅनर, न खपलेली माहितीपत्रकं, रंगाचे डबे, सफाईचं सामान, रिकामी खोकी, कोणीतरी "दोन दिवस ठेवतो" म्हणून ठेवलेली सायकल. हे सगळं स्टोअरमध्ये येतं कारण स्टोअरला कुलूप असतं आणि बघायला कोणी येत नाही. एका ठिकाणी आम्ही नवीन खोली हवी म्हणून विनवण्या करत होतो आणि हे सामान बाहेर काढल्यावर जवळजवळ एक तृतीयांश जमीन मोकळी झाली, नवीन खोलीची गरजच उरली नाही. शिवाय रंगाचे डबे आणि पॉलिश हे आगीला निमंत्रण, आणि पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांत झुरळं आणि कसर सुखाने राहतात.

फक्त एक पथ्य पाळा. भंगार दिसतंय म्हणून एकट्याने निर्णय घेऊन काही फेकू नका. निदान दोघांनी मिळून बघायचं, फोटो काढायचा, यादी करायची, दोघांनी सही करायची. नंबर नसलेली, मोडकी वस्तू ही संग्रहातली असू शकते, आणि जुन्या खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी हा कधीकधी त्या वस्तूचा एकमेव पुरावा असतो. संग्रहातली वस्तू काढून टाकणं हा वेगळा विषय आहे, त्याला लेखी धोरण आणि संचालक मंडळाची मंजुरी लागते, आवराआवरीच्या जोशात ते करायचं नसतं.

पायरी ३: जमिनीवरून उचला

सगळ्या पायऱ्यांत सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त फायदा देणारी ही पायरी आहे. पाणी येतं तेव्हा ते आधी जमिनीवर येतं, मग ते पुराचं असो, फुटलेल्या पाईपचं असो की कोणी बादलीने फरशी पुसतंय त्याचं असो. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून निदान १० ते १५ सेंटिमीटर वर हवा, पूर येणारा भाग असेल तर अजून वर. मोठ्या वस्तू, जात्यासारखं दगडी सामान, पेटारे, यंत्रं, हे प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवा. बाहेरच्या भिंतीला रॅक चिकटवू नका, हाताचा पंजा आरामात जाईल एवढी फट ठेवा, म्हणजे ओल वस्तूंपर्यंत येत नाही, हवा खेळते आणि मागे वाळवी चढली तर दिसते. पाईपखाली रॅक नको, आणि पर्यायच नसेल तर रॅकच्या वर प्लास्टिकचा पत्रा उतरता बसवा. जड वस्तू खाली, हलक्या वर, आणि खांद्याच्या वरच्या कप्प्यावर एकट्या माणसाला उचलता येणार नाही असं काहीच नको.

रॅक शक्यतो पावडर कोटिंग केलेल्या स्टीलचे घ्या आणि ते भिंतीला किंवा एकमेकांना बांधून टाका. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ यातून अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक अ‍ॅसिडची वाफ सतत निघत असते, बंद कपाटात ती साठते आणि शिशाची पदकं, शिक्के, खेळणी पांढऱ्या पावडरीने भरून जातात, शिंपल्यांचंही तसंच होतं (शिशाची ती पावडर विषारी असते). पण आहेत ती लाकडी कपाटं लगेच टाकून द्या असं मी म्हणणार नाही, तेवढे पैसे कुठे असतात. त्यात शिसं, चांदी आणि शिंपले ठेवू नका, आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली फिल्म लावून घ्या आणि दारं पूर्ण हवाबंद करू नका.

पायरी ४: नंबर आणि पत्ता

आता खरं काम. प्रत्येक वस्तूला दोन गोष्टी लागतात, एक नंबर जो कधीच बदलत नाही आणि एक पत्ता जो बदलू शकतो.

नंबरची साधी पद्धत म्हणजे वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, आणि त्या आवकेतली कितवी वस्तू. म्हणजे २०२४.१२.३ याचा अर्थ २०२४ मधली बारावी आवक, त्यातली तिसरी वस्तू. जोडीच्या वस्तूंना, जसं झाकण आणि डबा, शेवटी क, ख लावा. जुन्या पद्धतीचे नंबर असतील तर ते पुसू नका, बदलूही नका, जुना नंबर वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा. ज्या वस्तूंचा कशाशीच मेळ लागत नाही त्यांना तात्पुरता नंबर द्या, समोर एखादं ठरलेलं अक्षर लावून, म्हणजे पुढे ओळख पटली की खरा नंबर देता येतो. मला इथे एक गोष्ट कळकळीने सांगायचीय, की नंबर नसलेली वस्तू दिसली की अंदाजाने वहीतल्या एखाद्या नोंदीशी जोडून टाकू नका. "हाच तो दिवा असेल" असं म्हणून जोडलेली नोंद पुढे चाळीस वर्षं खरी मानली जाते आणि कोणी तपासत नाही.

नंबर वस्तूवर लिहायचा कसा, यात नवीन माणसांकडून सगळ्यात जास्त नुकसान होतं. बॉलपेन नको, मार्कर नको, सेलोटेप तर कधीच नको, धातूच्या तारेने बांधलेलं लेबल नको. धातू, काच, चकचकीत मातीची भांडी अशा घट्ट पृष्ठभागावर पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याचा छोटा पट्टा लावतात, तो वाळला की त्यावर टिकाऊ शाईने नंबर लिहितात आणि वर परत एक थर देतात. हे नंतर अ‍ॅसिटोनने निघतं, म्हणून चांगलं. पण प्लास्टिक, रंगवलेल्या किंवा लाखेच्या वस्तूंवर हे चालत नाही, अ‍ॅसिटोन त्यांना विरघळवतं. तिथे सुती दोऱ्याने सैल बांधलेलं लेबल बरं. कापडाला सुती फितीवर नंबर लिहून ती फीत बारीक टाक्याने शिवायची, दोन धाग्यांच्या मधून सुई घालायची, धागा छेदायचा नाही. कागदाला मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, दाब न देता. फोटोच्या मागेही मऊ पेन्सिलच, आणि प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही तेव्हा नंबर पाकिटावर लिहा, फोटो आत घालायच्या आधी.

पत्ता म्हणजे खोली, रॅक, कप्पा, खोकं. १-ब-३-७ म्हणजे पहिली खोली, ब रॅक, वरून तिसरा कप्पा, सातवं खोकं. कप्पे वरून मोजायचे की खालून हे एकदा ठरवा आणि भिंतीवर लिहून लावा, नाहीतर दोन माणसं दोन दिशांनी मोजतात. रॅकवर, कप्प्यावर आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लेबल लावा, खोक्यावर आतल्या वस्तूचा छोटा फोटोही चिकटवा, म्हणजे नुसतं बघण्यासाठी ते उघडावं लागत नाही. दरवेळी उघडणं, उचलणं हेच वस्तूंच्या मोडतोडीचं मोठं कारण असतं.

आणि सगळं एका स्प्रेडशीटमध्ये. महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी अडत नाही. एक ओळ म्हणजे एक वस्तू: नंबर, काय आहे, कशाचं बनलंय, मापं, त्यावरचा मजकूर किंवा खुणा, ओळख पटेल अशी खास गोष्ट (तुटलेला कोपरा, डाग, दुरुस्ती), काळ, कोणी बनवली, कुठून आली, स्थिती, पत्ता, फोटोची फाइल, शेवटची तपासणी कधी. यातले बरेचसे रकाने ऑब्जेक्ट आयडी नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये आहेत, चोरीला गेलेली वस्तू पोलिसांना ओळखता यावी म्हणून ते १९९७ मध्ये ठरवलं गेलं, आणि एवढी माहिती असली की विमा आणि पोलीस दोघांशी बोलता येतं. फोटोत मापपट्टी आणि नंबर दिसू द्या. वस्तू जागेवरून हलली की कोणी, कधी, कुठे नेली याची चिठ्ठी त्या रिकाम्या जागी ठेवायची, हा नियम साहेबांनाही लागू.

एका माणसाकडून दिवसाला वीस-पंचवीस वस्तू नीट झाल्या तरी खूप झालं. सगळा संग्रह एकदम काढू नका, एक कप्पा घ्या, पूर्ण करा, परत लावा, मग दुसरा. अर्धवट उघडलेली खोली हे सगळ्यात वाईट.

पायरी ५: कशात ठेवायचं

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू दिसतील तेवढ्या सोडवा. तो कागद अ‍ॅसिडिक असतो, पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शाई वस्तूला लागते. रबरबँड सुकून चिकटतात आणि त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. टाचण्या, स्टेपल, क्लिपा गंजतात. बबल रॅप प्रवासापुरता ठीक, वर्षानुवर्षं ठेवला तर त्याचे गोल ठसे उमटतात. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे कव्हर तर फोटो आणि धातू दोघांचे वैरी.

चालतं काय? पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टर, अ‍ॅसिडमुक्त टिश्यू (पातळ मऊ कागद) आणि पुठ्ठा, आणि धुतलेलं मांजरपाट. मांजरपाट नवीन असेल तर त्यातली खळ जाईपर्यंत गरम पाण्यात दोनतीनदा धुवा, सुगंधी सॉफ्टनर घालू नका. अ‍ॅसिडमुक्त खोकी परवडत नसतील तर झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या, ते सहज मिळतात, फक्त दमट जागी वस्तू सादळलेली असताना ते घट्ट बंद करू नका. पैसे थोडेच असतील तर चांगला टिश्यू आधी घ्या, कारण तो थेट वस्तूला लागतो.

कापडं: घडी हीच शत्रू, घडीवर धागा तुटतो. सपाट कापड, पागोटी, सतरंज्या मोठ्या नळीवर गुंडाळा, नळीला आधी पॉलिस्टर फिल्म आणि मग मांजरपाट किंवा टिश्यू लावून, आणि भरतकाम किंवा जरीची बाजू बाहेर ठेवून. गुंडाळता येत नसेल तर प्रत्येक घडीत टिश्यूची सैल वळकटी घाला आणि वर्षातून एकदा घडीची जागा बदला. जड किंवा विरलेला पोशाख हँगरवर टांगू नका, खांदे फाटतात. मजबूत असेल तर हँगरला पॅडिंग करून टांगा. रेशीम आणि लोकरीला अल्कली मिसळलेला बफर्ड टिश्यू नको, साधा अ‍ॅसिडमुक्त हवा.

धातू: घासूनपुसून चकचकीत करायची फार हौस असते लोकांना, पण प्रत्येक पॉलिशबरोबर धातूचा एक थर जातो आणि कोरीव अक्षरं पुसट होत जातात. तांब्यापितळेवरचा घट्ट, गुळगुळीत, हिरवट-तपकिरी राप तसाच राहू द्या. पण फिकट हिरवी, चिमटीत येईल अशी पावडर आणि खाली खड्डे दिसले तर तो ब्रॉन्झ डिसीज, त्यात क्लोराइड असतं आणि दमट हवेत ते धातू खातच जातं. अशी वस्तू लगेच वेगळ्या घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर (ओल शोषणारे दाणे) ठेवा, ह्युमिडिटी ४० टक्क्यांच्या खाली. डब्यात ह्युमिडिटीचं कार्ड टाका आणि जेलने ओल शोषली की ते ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. लोखंडालाही असाच कोरडा डबा लागतो. धातूला हात लावताना नायट्राइलचे मोजे घाला, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे कायमचे कोरले जातात.

कागद आणि फोटो: कागद सपाट, टोकं बाहेर न येता, पॉलिस्टरच्या किंवा अ‍ॅसिडमुक्त फोल्डरमध्ये, खोकं गच्च न भरता. कागद हाताळायला धुतलेले कोरडे हात पुरतात, सुती मोज्यांनी पान फाटतं. निगेटिव्ह आणि फोटोला मात्र मोजे हवेतच. काचेच्या निगेटिव्ह प्लेट उभ्या ठेवा, लांब कडेवर, मध्ये कागद घालून, आणि खोक्यावर "काच, जड" असं लिहा.

मातीची भांडी कानाने उचलायची नाहीत, काच आणि चिनी मातीला सुती मोजे घालायचे नाहीत कारण ते निसटतात. चामड्याला तेल लावू नका, लाल भुकटी पडत असेल तर नुसतं टिश्यूत गुंडाळून आधार द्या. तैलचित्रं उभी, एकमेकांच्या मध्ये पुठ्ठा घालून. बाकी दगड आणि भाजलेली माती त्यामानाने सोशिक असतात, त्यांना आधार आणि धुळीपासून आडोसा मिळाला की बराच काळ काळजी नाही.

पायरी ६: हवा आणि उजेड

आता मशीनबद्दल बोलू. आधी मोजा. एकदोन डेटालॉगर घ्या, दर तासाला तापमान आणि ह्युमिडिटी नोंदवतील असे लावा, एक खोलीच्या मध्ये आणि एक सगळ्यात वाईट वाटणाऱ्या कोपऱ्यात, आणि निदान वर्षभराचे आकडे जमू द्या. संमिश्र संग्रहाला साधारण ४० ते ६० टक्के ह्युमिडिटी आणि २४ तासांत दहा टक्क्यांपेक्षा कमी चढउतार हे चांगलं लक्ष्य. सतत ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. पण एखादी लाकडी वस्तू शंभर वर्षं दमट हवेत नीट राहिली असेल तर तिला एकदम कोरड्या हवेत नेऊ नका, ती तडकेल.

एसीबद्दल माझं मत ठाम आहे: जो दिवसा ऑफिसच्या वेळात चालतो आणि रात्री बंद होतो तो नसलेलाच बरा. रोज सकाळ-संध्याकाळ ह्युमिडिटी वरखाली होते, लाकूड आणि रंग रोज फुगतात आणि आकसतात. त्याआधी फुकटातल्या गोष्टी करा. गळती बंद करा, छपराची पन्हळ साफ करा, बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडा, पंखे लावा, वस्तू खोक्यात घाला. खोकं हेच एक छोटं हवामान आहे, खोलीत मोठा चढउतार झाला तरी टिश्यू भरलेल्या खोक्यात तो हळू आणि कमी पोचतो. तापमान जितकं कमी तितकं कागद आणि फिल्मला बरं, साधारण पाच अंश सेल्सिअस उतरलं की कागदाचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, पण स्थिर राहणार असेल तरच त्याच्या मागे लागा.

उजेडाचं सोपं आहे. स्टोअरमध्ये माणूस नसेल तर अंधार. खिडक्यांना जाड पडदे किंवा आतून फळ्या, आणि दाराबाहेर बटण. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान साठत जातं, म्हणून प्रदर्शनातही कापड, कागद, जलरंगाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नको आणि ठराविक महिन्यांनी त्यांना परत अंधारात आणा.

पायरी ७: कीड

डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ माणसाला घातक, काही प्लास्टिकला आणि रेझिनला घातक, आणि कीड त्याने खात्रीने मरतही नाही. त्याऐवजी भिंतीच्या कडेला, दाराजवळ, खिडकीखाली चिकट सापळे ठेवा, प्रत्येकाला नंबर आणि तारीख लिहा, नकाशावर दाखवा, महिन्यातून एकदा बघा आणि काय सापडलं, किती, हे लिहा. कसर आणि झुरळं दिसली तर समजा ओल आणि घाण आहे, कारपेट बीटलच्या केसाळ अळ्या आणि कसरपतंग दिसले तर लोकर, पिसं, चामडं लगेच तपासा. स्टोअरमध्ये चहा-डबा नको, ताजी फुलं नकोत, कचराकुंडी रोज रिकामी.

नवीन आलेली प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या जागी, पिशवीत बंद करून, तीनचार आठवडे. कीड सापडली आणि वस्तू कापड, लोकर, कागद किंवा पुस्तक असेल तर गोठवणं हा चांगला उपाय. टिश्यूत गुंडाळून पॉलिथिलीन पिशवीत हवा काढून बंद करा, उणे ३० अंशाला निदान तीन दिवस, साध्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशाला दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर वस्तूवर पाणी धरतं. तैलचित्रं, काच, मेण, हस्तिदंत, वेगवेगळ्या मटेरियलची घट्ट जोडलेली वस्तू गोठवू नका. वाळवी असेल तर ती इमारतीची गोष्ट आहे, तज्ज्ञ बोलवा, पण त्यांना संग्रहावर काही फवारू देऊ नका.

बुरशी दिसली तर पुसायला धावू नका, ओली बुरशी पसरते. वस्तू पिशवीत घालून बाहेर न्या, हवा कोरडी करा, बुरशी सुकली की एन-९५ मास्क आणि मोजे घालून मऊ ब्रश आणि हेपा फिल्टरच्या (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने काढा. आणि ओल कुठून आली ते शोधा, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच.

पायरी ८: रोजचं आणि संकटातलं

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांची फेरी मारा, हातात टॉर्च घेऊन, खालचे कप्पे आणि कोपरे बघत. महिन्यातून एकदा सापळे आणि डेटालॉगर. सहा महिन्यांनी परत दहा नंबरांची चाचणी, आणि यावेळी नंबर दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगा. किल्ल्या कोणाकडे आहेत याची वही ठेवा.

संकटासाठी एक डबा तयार असू द्या: प्लास्टिकचे मोठे कागद, कात्री, टॉर्च, मोजे, मास्क, बादल्या, शोषणारा पांढरा कोरा कागद, पिशव्या, पेन्सिली, लेबलं. दाराच्या आतल्या बाजूला फोन नंबरांची यादी आणि सर्वांत आधी बाहेर काढायच्या दहा वस्तूंची यादी, पत्त्यासकट. ही दुसरी यादी चोराच्या उपयोगाची असते, म्हणून बंद पाकिटात ठेवा आणि अग्निशमन दलाला आधीच सांगून ठेवा. पाणी शिरलं तर ४८ तासांच्या आत बुरशी धरायला लागते, म्हणून सगळं तेवढ्यात वाळवता येणार नसेल तर ओली पुस्तकं आणि कागद पिशवीत घालून गोठवा, ती नंतर सावकाश वाळवता येतात. चिकटलेले फोटो ओढून वेगळे करू नका, थंड स्वच्छ पाण्यात ठेवा आणि जाणकाराला विचारा. काचेच्या प्लेट गोठवायच्या नाहीत.

आणि त्या स्प्रेडशीटची आणि फोटोंची एक प्रत इमारतीच्या बाहेर ठेवा. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये रिओमधलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा त्याच शहरातल्या एका विद्यापीठातल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, की तुम्ही त्या संग्रहालयात काढलेले फोटो असतील तर पाठवा. एका हार्ड डिस्कवर कॉपी करा, ती दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी बदला, आणि वर्षातून एकदा ती उघडून फाइल खरंच उघडतात का बघा.